पारपत्र आहे, प्रवेश नाही

सत्तांतराच्या करारांत भूमी आणि बंदरे यांची व्यवस्था तपशीलवार लागते. माणसे कोणाची, हा प्रश्न मात्र कडेला सारला जातो. १९ डिसेंबर १९८४ रोजी ब्रिटन व चीन यांनी हाँगकाँगविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या, तेव्हा नागरिकत्वाचा विषय त्या मसुद्यात न घालता परस्परांना दिलेल्या स्वतंत्र निवेदनांवर सोपविण्यात आला.

चिनी वंशाचे हाँगकाँगवासी चिनी नागरिक होत, ही चीनची भूमिका. ब्रिटनने १९८७ पासून ‘ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)’ हा नवा दर्जा निर्माण केला. या पारपत्रावर ब्रिटिश राजमुद्रा होती. ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क मात्र नव्हता, आणि हा दर्जा पुढच्या पिढीकडे जाणारही नव्हता.

खरी कोंडी झाली ती तेथील हिंदी कुटुंबांची. १८४१ साली हे बेट घेणाऱ्या इंग्रजी फौजेत हिंदी शिपाई होते. तेथील विद्यापीठाची मुख्य इमारत मुंबईहून गेलेल्या होरमसजी मोदी यांच्या देणगीतून उभी राहिली. परंतु तेथेच जन्मलेल्या आणि केवळ ब्रिटिश दर्जा असलेल्या हिंदी वंशीयांना चीन आपले मानीत नव्हता, भारताचे नागरिकत्व त्यांच्यापाशी नव्हते, आणि ब्रिटनचे दार बंद होते. १९९० च्या कायद्याने ५०,००० कुटुंबप्रमुखांना पूर्ण नागरिकत्व देऊ केले. पण निवड मुख्यतः गुण मोजून व्हायची. वस्तुतः फॉकलंडच्या मूठभर रहिवाशांना हेच नागरिकत्व १९८३ मध्ये सरसकट मिळाले होते. तेथे कोणी गुण मोजले नाहीत! अखेर हस्तांतर चार महिन्यांवर आले असता, मार्च १९९७ मध्ये, या निराधार अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हक्क म्हणून जे प्रारंभीच द्यावयाचे, ते असे शेवटच्या घटकेला औदार्य म्हणून दिले गेले.

गोमंतकीय वाचकाला येथे विरोधाभास जाणवेल. सैन्य आल्याखेरीज गोवा न सोडणाऱ्या पोर्तुगालने १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांचा नागरिकत्वाचा हक्क पुढे मान्य केला. मकाव सोडताना तेथील पुष्कळ चिनी रहिवाशांपाशीही पूर्ण पोर्तुगीज नागरिकत्व होते. संसदीय परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या ब्रिटनला हे जमले नाही, कारण १९६२ पासूनचे त्याचे स्थलांतरविषयक कायदे वसाहतींतील प्रजेला बाहेर ठेवण्यासाठीच रचले जात होते.

हाँगकाँगमधील राष्ट्रीय सुरक्षा कायद्यानंतर, ३१ जानेवारी २०२१ पासून, ब्रिटनने या पारपत्राच्या धारकांना स्थायिक होण्याची वाट खुली केली. त्याच दिवसापासून चीनने ते पारपत्र प्रवासासाठी ग्राह्य धरणे बंद केले.