खाणीनंतरचं गाव : भाग ४ – उशिरा आलेली गाडी

मागच्या भागात खडकातल्या शिरेतून सोनं कसं वेगळं करतात, ते पाहिलं. आता खाण बंद पडल्यावर मागे काय राहतं आणि ते कोण सांभाळतं, याकडे वळू. त्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, वॉलहॅलाला जायला हवं.

१८६२-६३च्या सुमारास नेड स्ट्रिंजर आणि त्याच्या सोबत्यांना इथल्या ओढ्यात सोनं सापडलं. मग डोंगराच्या पोटातली शीर हाती लागली आणि अरुंद दरीत काही हजारांची वस्ती झाली. सपाट जागा इतकी दुर्मीळ, की क्रिकेटसाठी डोंगराचा माथाच सपाट करावा लागला. खाणींचे बॉयलर लाकडावर चालत. त्यापायी भोवतालचे डोंगर उघडेबोडके झाले. आज तिथं दिसणारं दाट रान बरंचसं नंतर वाढलेलं आहे. ‘लाँग टनेल एक्स्टेंडेड’ या एकट्या खाणीतून १३ टनांहून जास्त सोनं निघालं. तिचा काही भाग आज पाहायला मिळतो.

मला मात्र सोन्यापेक्षा इथली रेल्वे जास्त काही सांगते.

ती गावात पोचली १९१०मध्ये. १९१४पर्यंत मोठ्या खाणी बंद पडल्या. सोन्याच्या भरभराटीसाठी मागितलेल्या गाडीतून मग सुटी केलेली घरं बाहेर जाऊ लागली. पुढे स्टेशनची इमारतही उचलून मेलबर्नच्या हार्टवेल उपनगरात नेली. १९४४मध्ये वॉलहॅलापर्यंतची गाडी थांबली आणि मागे मोजकी माणसं राहिली. गावात सार्वजनिक वीजपुरवठा आला तो थेट १९९८मध्ये!

या मार्गाची रुंदी ७६२ मिलिमीटर, म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेइतकीच. कुर्डुवाडी-पंढरपूरच्या त्या छोट्या गाडीतून वारीला गेलेल्यांना असा डबा, असं वळण वेगळं सांगायला नको.

१९९०च्या दशकात स्वयंसेवकांनी हा मार्ग पुन्हा उभा करायला घेतला. रूळ केव्हाच काढून नेले होते, दरीतल्या पुलांची दैना झाली होती. १९९४मध्ये थॉमसन नदीजवळ गाडी धावू लागली. वॉलहॅला गाठायला २००२ उजाडलं. जुन्या स्टेशनसारखीच नवी इमारत त्यांनी बांधली. मार्ग जेमतेम चार किलोमीटरचा, पण पावसाळी दरीत लाकडी स्लीपर कुजतात, उतारावरची माती रुळांवर येते, पूल सतत तपासावे लागतात. हे काम आजही मुख्यतः स्वयंसेवकच करतात. हौशी म्हणून त्यांना सुरक्षेच्या नियमांतून सूट नाही. चालक असो की गार्ड, रीतसर शिकूनच गाडीवर जावं लागतं.

या प्रयत्नाचं मोल मला इथेच वाटतं. काचेच्या कपाटातली कुदळ पाहून ती कशी होती एवढं कळतं. स्लीपर बदलायला मात्र जुन्या जाणत्या हाताशेजारी नवा हात लागतो, आणि कसब त्या हातात उतरतं. आपल्याकडे पुलगाव-आर्वीची गाडी थांबली, यवतमाळ-मूर्तिजापूरची ‘शकुंतला’ थांबली. त्या चालवणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या माणसांकडून शिकून घ्यायला आपण फार उशीर करतो आहोत.

वॉलहॅलाच्या बाबतीत एक गोष्ट सोपी होती : गाव लहान, त्यामुळे वारशाचा पसारा आटोक्यातला. कोलारचं तसं नाही. तिथली खाण २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद झाली; पण खाणकामगारांच्या वसाहती नांदत्या आहेत, आणि सायनाइडच्या मातीचे डोंगर त्यांच्या उशाशी आहेत. त्या वारशाचं काय करायचं, ते पुढच्या आठवड्यात.