उसाच्या गाड्या आणि त्यांचे टायर

साखरेचा हंगाम सुरू झाला कीं सांगली-कोल्हापूरकडील रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. एका ट्रॅक्टरमागें दोन दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येकींत माथ्यावर रचलेला ऊस. रात्रीं त्यांपैकीं एखादीचा टायर फुटला तर ती भर रस्त्यांतच उभी राहते. पुष्कळ ट्रॉल्यांना मागें दिवा नसतो. भरधांव येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसते तेव्हां फार उशीर झालेला असतो. तेव्हां हा प्रश्न एकट्या गाडीवाल्याचा नव्हे.

जुन्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव असे आणि सारा भार लाकूड व लोखंड सोशीत. रबरी टायरांत भार सोसते ती मुख्यतः हवा. जॉन बॉइड डनलप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं केलेल्या युक्तीचें पेटंट १८८८ सालीं घेतलें. तीच युक्ति आज टनावारी ऊस वाहते.

हवा कमी आणि भार अधिक असला, म्हणजे टायर जमिनीशीं जास्त चेपतो. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत त्याची बाजू वांकते आणि पुन्हा सरळ होते. तार वरचेवर वांकविली असतां जशी तापते, तशी ती बाजूहि तापते. रबरांतून उष्णता लवकर बाहेर पडत नाहीं. आंतील धाग्यांचे थर रबरापासून सुटूं लागतात, आणि एका क्षणीं टायर फुटतो. लोक खड्ड्याला दोष देतात. माझ्या मतें खड्डा हें बहुधा निमित्त. टायर मैलोगणती आधींच आंतून खचलेला असतो.

येथें एक हट्टी गैरसमज सांगितला पाहिजे. वाटेंत टायर तापला कीं आंतील हवेचा दाब वाढतो. तो पाहून कित्येकजण थोडी हवा सोडून देतात. निवल्यावर तोच टायर मऊ पडतो, पुढच्या खेपेस अधिक वांकतो आणि अधिकच तापतो. दाब पाहावयाचा तो निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना.

आतां हिशेब पाहा. चारचाकी ट्रॉली दोन टनांची आणि ऊस आठ टन, तर प्रत्येक चाकावर अडीच टन. पण मोळ्या एका अंगाला रचल्या तर तेथील चाकावर याहून पुष्कळ अधिक. टायराच्या बाजूवर भाराचा अंक असतो. १०० हा अंक म्हणजे ८०० किलो, आणि तोहि ठरलेल्या दाबाला व वेगाला. पुष्कळ टायरांवर चार आंकडे असतात, त्यांवरून वय कळतें: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असूनहि बाजूला भेगा पडलेला जुना टायर जड भारासाठीं घेऊं नये. जोडचाकांत एक मऊ असलें तर त्याचा भार शेजारचें चाक निमूटपणें उचलतें, आणि मग दोन्हीं जातात.

टायर गेलाच, तर जॅकखालीं जाड फळी घालावी, नाहींतर मातींत तो रुततो. दुसऱ्या चाकांपुढें-मागें दगड लावावेत. परंतु या सर्वांच्या आधीं, पान्याला हात लावण्यापूर्वीं, बऱ्याच अंतरावर मागें दिवा किंवा चकाकणारा त्रिकोण ठेवावा.