उत्पादन-माहिती मानके

कारखान्यात लागणारी यंत्रे, सुटे भाग, कच्चा माल व इतर सामग्री यांचे वर्णन उत्पादक, विक्रेता व खरेदीदार या तिघांनीही एकाच पद्धतीने करावे, यासाठी ठरविलेले नियम, संकेतांक व गुणधर्मांच्या सूची यांना उत्पादन-माहिती मानके म्हणतात. वस्तूचे मानक आणि वस्तूच्या माहितीचे मानक या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोल्टाचे आटे, व्यास व बल किती असावे, हे वस्तूचे मानक ठरविते. तोच बोल्ट कागदावर किंवा संगणकात कोणत्या नावाने, कोणत्या क्रमाने व कोणत्या एककांत नोंदवावा, हे माहितीचे मानक ठरविते. पहिल्यामुळे दोन ठिकाणी तयार झालेले भाग एकमेकांत बसतात. दुसऱ्यामुळे ते बसतील की नाही, हे खरेदीपूर्वीच कळू शकते.

आवश्यकता : अशा मानकांची गरज एका साध्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पंप, पंखे, विद्युत् मोटरी अशा असंख्य यंत्रांत ६२०५ या क्रमांकाचे बॉल बेअरिंग वापरतात. या क्रमांकातील ६२ हे आकडे बेअरिंगचा प्रकार व मापमालिका दर्शवितात. शेवटच्या ०५ या आकड्यास ५ ने गुणले असता आतील छिद्राचा व्यास २५ मिमी. मिळतो. बाहेरील व्यास ५२ मिमी. व रुंदी १५ मिमी. असते. ही मापे आंतरराष्ट्रीय मानकानुसार निश्चित असल्याने कोणत्याही उत्पादकाचे ६२०५ बेअरिंग त्याच जागी बसते. परंतु मूळ क्रमांकापुढील प्रत्यये मात्र उत्पादकागणिक बदलतात. दोन्ही बाजूंस रबरी स्पर्श-सील असलेल्या बेअरिंगसाठी एसकेएफ ही कंपनी २आरएस१, एफएजी २आरएसआर, एनएसके डीडीयू, तर एनटीएन एलएलयू अशी अक्षरे योजते. शिवाय मोटर बनविणारा कारखाना त्याच बेअरिंगला स्वतःचा स्वतंत्र भागक्रमांक देतो.

परिणामी एकाच भांडारात एकच वस्तू चार-पाच नावांनी नोंदली जाते. प्रत्येक नोंदीसाठी वेगळा साठा राखला जातो व वेगळी मागणी काढली जाते. याहून गंभीर बाब म्हणजे, मोटर बंद पडल्यावर मागितलेल्या क्रमांकाचे बेअरिंग ‘शिल्लक नाही’ असा शेरा भांडारातून येतो आणि शेजारच्या खणात दुसऱ्या क्रमांकाखाली तेच बेअरिंग पडून असते. उत्पादन थांबते, तातडीची खरेदी चढ्या दराने होते आणि पडून राहिलेल्या साठ्यात भांडवल अडकते. याउलट प्रत्यय दुर्लक्षिला गेला, तर उघडे बेअरिंग धुळीच्या जागी बसविले जाऊन ते अल्पावधीत निकामी होते. वस्तूत काहीच दोष नसताना केवळ वर्णनातील दोषामुळे हे नुकसान होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविज्ञान संस्थेसाठी १९९९ मध्ये झालेल्या एका अभ्यासानुसार, उत्पादनविषयक माहितीची देवाणघेवाण सदोष असल्यामुळे त्या देशातील मोटारगाडी उद्योगाच्या पुरवठा साखळीस दरवर्षी किमान एक अब्ज डॉलर इतका भुर्दंड पडत होता.

ऐतिहासिक आढावा : वस्तूंच्या मानकांचा विकास आधी झाला. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ब्रिटनमध्ये स्क्रूच्या आट्यांची एकसमान पद्धती मांडली. मानकाच्या अभावी काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील बॉल्टिमोर शहरास ७ फेब्रुवारी १९०४ रोजी लागलेली आग. शेजारच्या शहरांतून बंब मदतीस आले. परंतु त्यांच्या पाणनळ्यांची जोडणी बॉल्टिमोरच्या जलस्तंभांवर बसेना. या आगीत १,५०० हून अधिक इमारती नष्ट झाल्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन आट्यांतील भेदामुळे दुरुस्तीची कामे अडली. त्यातूनच १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन व कॅनडा यांच्यात एकीकृत आट्यांबाबत करार झाला.

माहितीच्या मानकांना चालना मिळाली तीही याच युद्धातून. अमेरिकेची भूसेना, नौसेना व हवाई दल एकच वस्तू वेगवेगळ्या नावांनी व क्रमांकांनी खरेदी करीत असल्याचे आढळून आले. एका दलाकडे जादा पडलेली वस्तू दुसरे दल बाजारातून नव्याने विकत घेत असे. यावर उपाय म्हणून १९५२ मध्ये संरक्षण सामग्रीची एकच सूची करण्याचा कायदा अमेरिकेत संमत झाला व पुढे ही पद्धती ‘नाटो’ संघटनेतील राष्ट्रांनी स्वीकारली. तीत प्रत्येक पुरवठा-वस्तूस तेरा अंकी क्रमांक देतात. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग दर्शवितात (उदा., ३११० म्हणजे बॉल व रोलर बेअरिंगे, ५३०६ म्हणजे बोल्ट), पुढील दोन अंक क्रमांक देणाऱ्या देशाचे असतात, उरलेल्या सात अंकांना स्वतंत्र अर्थ नसतो. या पद्धतीचे महत्त्वाचे तत्त्व असे, की क्रमांक उत्पादकाच्या मालास नव्हे, तर गरजेस दिला जातो. आकार, जुळणी व कार्य या दृष्टींनी समान असलेले निरनिराळ्या उत्पादकांचे भाग एकाच क्रमांकाखाली येतात.

किरकोळ व्यापारातील पट्टी-संकेताचे (बारकोडचे) तत्त्व याहून निराळे आहे. ओहायओ राज्यातील ट्रॉय येथील दुकानात २६ जून १९७४ रोजी तो प्रथम वाचला गेला. त्यातील क्रमांक विशिष्ट उत्पादकाची विशिष्ट वस्तू ओळखतो. त्यामुळे दोन उत्पादकांच्या एकसारख्या बेअरिंगांवर दोन भिन्न क्रमांक असतात. माल मोजण्यास व त्याचा माग ठेवण्यास ही पद्धती उत्तम असली, तरी एका मालाऐवजी दुसरा चालेल का, या प्रश्नाचे उत्तर तीतून मिळत नाही.

वर्गीकरण व गुणधर्म : वस्तूंचे वर्गीकरण करणाऱ्या अनेक पद्धती प्रचारात आहेत. सीमाशुल्कासाठी १९८८ पासून अंमलात आलेली सुसंवादी पद्धती (एचएस) सहा अंकी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीच्या साहाय्याने १९९८ मध्ये तयार केलेल्या आठ अंकी वर्गीकरणाचा उपयोग मुख्यत्वे खर्चाच्या विश्लेषणासाठी होतो. कोणत्या प्रकारच्या मालावर किती खर्च झाला, हे अशा वर्गीकरणावरून कळते. परंतु केवळ वर्गावरून खरेदी करता येत नाही. सुसंवादी पद्धतीत ८४८२१० या एकाच क्रमांकाखाली सर्व बॉल बेअरिंगे येतात. मग त्यांचा व्यास बोटाएवढा असो वा हातभर.

म्हणून वर्गाच्या जोडीस गुणधर्मांची सूची आवश्यक ठरते. बेअरिंगच्या वर्गास छिद्राचा व्यास, बाह्य व्यास, रुंदी, सीलचा प्रकार, अंतर्गत मोकळीक, भारक्षमता इ. गुणधर्म जोडलेले असतात. प्रत्येक गुणधर्माची व्याख्या, एकक व ग्राह्य मूल्ये आधीच ठरविलेली असतात. ‘व्यास’ एवढेच म्हणून भागत नाही. आतील की बाहेरील, मिलिमीटरमध्ये की इंचांत, हे निःसंदिग्धपणे सांगावे लागते. अशा कोशांच्या रचनेचे नियम आयएसओ १३५८४ व आयईसी ६१३६० या आंतरराष्ट्रीय मानकांत दिलेले आहेत. जर्मनीत २००० मध्ये मोठ्या उद्योगसंस्थांच्या पुढाकाराने स्थापन झालेली ‘ईक्लास’ ही संघटना याच तत्त्वावर वर्ग व गुणधर्म यांचा सामायिक कोश चालविते. विक्रेत्यांच्या मालसूची खरेदीदाराच्या संगणकात थेट पाठविण्यासाठी तेथेच १९९९ मध्ये ‘बीएमईकॅट’ हा नमुना तयार झाला होता. माहितीच्या गुणवत्तेसंबंधीचे नियम आयएसओ ८००० या मानकमालिकेत आहेत.

या कोशांत प्रत्येक संकल्पनेस भाषानिरपेक्ष संकेतांक असतो व निरनिराळ्या भाषांतील नावे त्यास जोडलेली असतात. त्यामुळे जर्मन अभियंत्याने भरलेले मूल्य भारतीय खरेदी अधिकाऱ्यास स्वतःच्या भाषेतील नावासह दिसू शकते. ‘आटे’ म्हणावे की ‘चुडी’, हा वाद येथे उरत नाही.

भारतातील स्थिती : वस्तूंच्या मानकांचे काम १९४७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने व तिची जागा घेणाऱ्या भारतीय मानक ब्यूरोने (१९८७) केले आहे. या मानकांतील संज्ञांनी वर्णन संक्षिप्त व अचूक होते. उदा., एम १२ × ५०, बलवर्ग ८.८ एवढ्या उल्लेखावरून बोल्टाचा व्यास १२ मिमी., लांबी ५० मिमी., ताणबल दर चौ. मिमी.ला ८०० न्यूटन व त्याच्या ८० टक्के म्हणजे ६४० न्यूटन इतके नमनबल, एवढी माहिती जाणकारास मिळते. भारतीय रेल्वेच्या भांडारांत वस्तूंना आठ अंकी क्रमांक देण्याची पद्धती रूढ आहे. संरक्षण सामग्रीचे संकेतांकन १९६२ मध्ये स्थापन झालेल्या मानकीकरण संचालनालयाकडे असून नाटोच्या पद्धतीत भारताचा देशांक ७२ आहे.

केंद्र शासनाने ऑगस्ट २०१६ मध्ये शासकीय ई-बाजारपेठ (जेम) सुरू केली आणि पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय २०१७ मध्ये बंद केले. या बाजारपेठेत वस्तूंच्या प्रवर्गानुसार तांत्रिक गुणधर्म ठरविलेले असतात व विक्रेत्याने त्यांची मूल्ये भरावयाची असतात. सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने ही बाब मोलाची आहे. निविदेत विशिष्ट कंपनीचे नाव देऊन पुढे ‘अथवा समतुल्य’ असे लिहिण्याचा प्रघात जुना आहे. परंतु समतुल्यता कोणत्या गुणधर्मांवरून ठरवावयाची, हे न सांगितल्यास ते शब्द निरर्थक ठरतात आणि नामांकित कंपनीबाहेरचा उत्पादक स्पर्धेतून आपोआप वगळला जातो. कोल्हापूरचे ओतकाम कारखाने किंवा पिंपरी-चिंचवड, नाशिक येथील लहान यंत्रशाळा यांच्यासारख्या उत्पादकांना नावाच्या नव्हे, तर गुणधर्मांच्या आधारे मोठ्या खरेदीदारापर्यंत पोहोचण्याची संधी सामायिक वर्णनामुळे मिळू शकते.

अंमलबजावणी : जुन्या भांडाराच्या नोंदी मानकानुसार करणे हे कष्टाचे काम आहे. प्रथम वस्तूंचे वर्ग ठरवून प्रत्येक वर्गासाठी आवश्यक गुणधर्म निश्चित करतात. त्यानंतर जुन्या, मोडक्यातोडक्या वर्णनांतून मूल्ये वेगळी काढतात. न मिळालेली मूल्ये उत्पादकाच्या माहितीपत्रकावरून किंवा प्रत्यक्ष वस्तू मोजून भरतात आणि मग सारख्या ठरलेल्या नोंदी एकत्र करतात. संगणक संशयित जोड्या दाखवू शकतो. पण त्या खरोखर एक आहेत, हा निर्णय जाणत्या अभियंत्याने वा अनुभवी भांडारपालाने द्यावयाचा असतो. नवीन वस्तूची नोंद करण्याचा अधिकार ठराविक व्यक्तींकडेच न ठेवल्यास काही वर्षांत पूर्वीचाच गोंधळ पुन्हा उद्भवतो.

मर्यादा : मानकांची संख्या मोठी असल्याने एकाच विक्रेत्यास निरनिराळ्या खरेदीदारांसाठी तीच माहिती वेगवेगळ्या साच्यांत भरावी लागते व हा बोजा लहान उत्पादकांवर अधिक पडतो. लाभ मुख्यतः खरेदीदारास व श्रम विक्रेत्यास, अशी विभागणी झाल्यास भरलेली माहिती अपुरी राहते. आपला माल इतरांच्या रांगेत बसवून केवळ किमतीवर तोलला जाईल, या भीतीनेही काही उत्पादक पूर्ण माहिती देण्यास नाखूष असतात. शिवाय कागदावरील समानता ही गुणवत्तेची हमी नव्हे. अमेरिकेतील ३०४, यूरोपातील १.४३०१ व जपानमधील एसयूएस ३०४ ही अगंज पोलादे सामान्यतः समतुल्य मानतात; तथापि त्यांच्या रासायनिक घटकांच्या मर्यादा तंतोतंत सारख्या नाहीत. दाबपात्रासारख्या जोखमीच्या कामात अशी अदलाबदल तपासणीशिवाय करता येत नाही. बनावट मालही अचूक वर्णनासह विकला जाऊ शकतो.

यूरोपीय संघाच्या २०२४ मधील विनियमात उत्पादनांसाठी अंकीय पारपत्राची तरतूद असून त्यात घटकद्रव्ये, टिकाऊपणा, दुरुस्ती इत्यादींविषयीची माहिती यंत्रवाच्य स्वरूपात द्यावयाची आहे. त्यामुळे तेथे माल निर्यात करणाऱ्यांच्या दृष्टीने मालाच्या अचूक वर्णनाला मालाइतकेच महत्त्व येत आहे.