परमुलखातील दिवाळी

दिवाळी हा मुळात घरचा सण. देवापुढे समई, अंगणात रांगोळी आणि दारी आकाशकंदील, एवढ्याने तो साजरा होतो. असे असता, आपला मुलूख सोडून दूर वसलेले लोक तो समुदायाने, सभागृहांत आणि मैदानांत का साजरा करतात? या प्रश्नाचे उत्तर आपल्या इंदूर नगरीतच सापडते.

अठराव्या शतकात मल्हारराव होळकरांच्या काळी अनेक मराठी कुटुंबे माळव्यात आली. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही होळकरांची राजधानी झाली आणि येथील मराठी वस्ती वाढत गेली. पुढे १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य निर्माण झाले, तेव्हा इंदूर मध्यप्रदेशातच होते. राजाश्रय संपला, सणवार जतन करण्याचे काम घराघरांवर आले.

माळव्यात दिवाळीचा कळस म्हणजे लक्ष्मीपूजनाची रात्र. मराठी मुलांची खरी दिवाळी मात्र नरकचतुर्दशीच्या पहाटे उगवते. आपले शेजारी हा दिवस रूपचौदस म्हणून पाळतात, उटणेही लावतात. परंतु सूर्योदयापूर्वीचे अभ्यंगस्नान, पायाखाली फोडलेले कडू कारीट आणि त्यानंतर सर्वांनी मिळून केलेला फराळ ही आपली विशेष रीत होय. अंगणात मुलांनी रचलेला मातीचा किल्ला, त्याच्या माथ्यावर विराजमान झालेले शिवाजी महाराज, हेही मराठी दिवाळीचेच लेणे. पुण्यातील एखाद्या आळीत त्या पहाटे घरोघरी दिवे लागलेले असतात; येथे पुष्कळदा गल्लीत एकच घर जागे असते. तो एकटेपणा दूर व्हावा म्हणूनच माणसे एकत्र येतात. अलीकडे महाराष्ट्रातील शहरांप्रमाणे इंदुरातही दिवाळीच्या पहाटे गाण्यांच्या मैफली होतात. विखुरलेली आळी तेवढ्यापुरती पुन्हा जमते, असेच म्हणावयाचे.

हीच गोष्ट समुद्रापलीकडेही घडली आहे. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे एक लक्ष त्रेचाळीस हजार भारतीय मजूर कराराने त्रिनिदाद बेटावर नेण्यात आले. त्यांतील बहुसंख्य उत्तर हिंदुस्थानातील होते. त्यांचे वंशज आजही बांबू चिरून, वाकवून त्यांच्या कमानी उभारतात आणि त्यांवर मातीच्या पणत्या लावतात. ती रोषणाई पाहावयास इतर धर्मांचे शेजारीही येतात. १९६६ पासून तेथे दिवाळीला सार्वजनिक सुटी आहे. मात्र त्या पूर्वजांची भोजपुरी बोली आज तेथील तरुणांच्या तोंडी जवळजवळ उरलेली नाही. दिवे राहिले, भाषा मावळली.

विद्यार्थी मित्रांनो, यातून आपण काय घ्यावे? समुदायाचा उत्सव सणाला जिवंत ठेवतो; पण त्या सणाचा अर्थ सांगणारी भाषा घरातच जगते. तेव्हा किल्ला पाहावयास शेजारच्या मुलांना अगत्याने बोलवा, त्यांना त्याची कथा हिंदीतून सांगा. आणि कारीट का फोडतात, हे मात्र आपल्या आजीला मराठीतूनच विचारा. तिचे उत्तर ऐकणारे कोणी घरात असेल, तरच पुढच्या पिढीच्या पणतीला तेल मिळेल.