पिकअपचे टायर बदलताय? रूपावर जाऊ नका, आधी आकडे वाचा

फोर बाय फोर पिकअपचे टायर बदलताना अनेकांची नजर मोठ्या खाचांच्या, दणकट दिसणाऱ्या टायरवर जाते. पण चिखलातून गाडी काढणारा हाच टायर ओल्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लावताना दगा देऊ शकतो.

कोणता प्रकार घ्यावा?
‘एचटी’ डांबरी रस्त्यासाठी, ‘एमटी’ चिखल-खडकासाठी, तर ‘एटी’ दोन्हींच्या मधला. एमटीच्या रुंद खाचा चिखल बाहेर फेकतात. मात्र रबर रस्त्याला कमी टेकते, आवाज आणि इंधनखर्च वाढतो. रोज घाट किंवा महामार्ग आणि अधूनमधून शेतातली वाट असेल, तर एटी पुरेसा.

आकडे काय सांगतात?
‘२६५/६० आर १८ ११० एच’ म्हणजे रुंदी २६५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, रिम १८ इंची. ‘११०’ हा भारांक. असा एक टायर १,०६० किलो वजन पेलतो. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किमी वेगमर्यादा. गाडीच्या माहितीपुस्तिकेतल्यापेक्षा कमी भारांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. माल भरल्यावर तो तापून फुटू शकतो.

जुना माल कसा ओळखाल?
‘डीओटी’ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहा. ‘२३२५’ म्हणजे २०२५ सालचा २३वा आठवडा.

कधी बदलाल?
खाचेत १.६ मिमी उंचीची खूण असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली, की टायर बदलायलाच हवा. फोर बाय फोरमध्ये चारही टायर एकाच मापाचे ठेवा. नाहीतर गिअर यंत्रणेवर ताण येतो.