विश्लेषण : चेंबर बदलले की रायफलची ताकद वाढते?

रोही आणि रानडुकरे एका रात्रीत उभे पीक आडवे करतात, तेव्हा कंधार तालुक्यातल्या परवानाधारक शेतकऱ्याला घरातली जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आठवते. त्यातच मोबाइलवर परदेशी चित्रफिती दिसतात : जुन्याच रायफलचे चेंबर थोडे मोठे केले, की गोळी जास्त वेगाने जाते. हे कितपत खरे? आणि आपल्याकडे चालते का?

चेंबर बदलणे म्हणजे नेमके काय?

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस जिथे बसते, ती जागा म्हणजे चेंबर. ही पोकळी कोरून थोडी मोठी केली, की जुने काडतूस उडवल्यावर त्याची पितळी पुंगळी फुगून नवा आकार घेते. अमेरिकी बंदूक-कारागीर पी. ओ. अ‍ॅक्ली यांच्या नावाने हे ‘इम्प्रूव्हड’ प्रकार ओळखले जातात. पुंगळीचा निमुळतेपणा कमी आणि खांदा जास्त उभा, अनेकदा ४० अंशांचा, केला की आत थोडी जास्त बारूद मावते.

मग फायदा किती?

फार नाही. गोळीचा वेग बहुधा काही टक्क्यांनीच वाढतो. तोही फुगलेली पुंगळी घरी पुन्हा भरली तरच. दुकानातले साधे काडतूस मोठ्या चेंबरमध्ये उडवले, तर वेग वाढत नाही; उलट किंचित घटतो.

धोका कुठे आहे?

स्फोटाचा सगळा दाब बोल्ट आणि त्याला अडवणाऱ्या पोलादावर येतो. हे पोलाद किती सोसते, हे पाहण्यासाठी अ‍ॅक्ली यांनी अनेक रायफली मुद्दाम फुटेपर्यंत तपासल्या. सगळ्या सारख्या टिकल्या नाहीत. कोरीव काम थोडे जरी चुकले, तरी पुंगळी फाटून तप्त वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकतो.

भारतात असे बदल झालेत का?

झाले, पण सरकारी कारखान्यात. १८५७ नंतर इंग्रजांना देशी शिपायांच्या हाती बरोबरीचे हत्यार नको होते. पुढे ईशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींच्या नळीतल्या पेचदार खाचा काढून, चेंबर बदलून एकेरी बाराची .४१० मस्कट बनवली गेली. म्हणजे तिथे ताकद वाढवली नाही, घटवली.

१९६२ च्या चीन युद्धानंतर उलटी गरज पडली. ईशापूरने त्याच घडणीची रायफल ७.६२ मिमी काडतुसासाठी बनवली. या काडतुसाचा कमाल दाब युरोपीय मानकानुसार ४१५ मेगापास्कल आहे, .३०३ चा ३६५. फरक सुमारे १४ टक्क्यांचा. तेवढ्यासाठी जुन्या रायफली कोरून भागवले नाही. जास्त मजबूत पोलादाच्या नव्या रायफली घडवल्या.

कायदा काय म्हणतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे, बदलणे, दुरुस्त करणे हा गुन्हा आहे. काडतुसे बनवण्यालाही परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यासाठी किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. हत्यार बाळगण्याचा परवाना म्हणजे त्यात बदल करण्याचा परवाना नव्हे. परवान्यावर बोअर लिहिलेला असतो आणि दुकानदार त्याच बोअरची काडतुसे देतो.

थोडक्यात, ज्या घरगुती भरणीमुळे परदेशात फायदा मिळतो, तीच इथे सामान्य परवानाधारकाला करता येत नाही. हाती उरतो तो फक्त धोका आणि गुन्हा.

मग शेतकऱ्याने काय करावे?

जुनी रायफल परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावी. गंज, तडा किंवा सैल बोल्ट दिसल्यास वापरू नये. वन विभागाच्या परवानगीशिवाय रोही किंवा रानडुकरावर गोळी चालवता येत नाही, मग रायफल कितीही ‘सुधारित’ असो. पिकाचे नुकसान झाल्यास फोटो काढून भरपाईसाठी वन विभागाकडे तातडीने अर्ज करावा. ती वाट लांबची वाटते, पण त्यात हात, डोळे आणि परवाना तिन्ही शाबूत राहतात.