आईचें दूध आणि घराची जबाबदारी

बाळाला अंगावर पाजावें हें न जाणणारी आई मुंबईच्या उपनगरांत क्वचितच सांपडेल. तरीही अनेक घरांत दोन-तीन महिन्यांतच बाटली येते, आणि "हिला दूधच पुरत नाहीं," असें म्हणून आपण मोकळे होतों. वस्तुतः पाजणें घडतें कीं नाहीं हें आईच्या इच्छेइतकेंच तिच्या भोंवतालच्या माणसांवर अवलंबून असतें.

प्रथम शरीराचा नियम पाहूं. बाळ चोखूं लागलें म्हणजे मातेच्या रक्तांत दोन द्रव्यें उतरतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करवितें, ऑक्सिटोसिन तें बाहेर सोडतें. आणि वेदना, भय व काळजी यांमुळें हें दुसरें द्रव्य अडतें. वरचें दूध दिलें कीं बाळ कमी चोखतें, आणि कमी चोखलें कीं दूध आटतें. म्हणजे दुधाची कमतरता हें पुष्कळदां बाटलीचें कारण नसून तिचा परिणाम असतो.

जन्मानंतर पहिल्या तासांतच बाळाला पाजावें, असें वैद्यकशास्त्र सांगतें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणींत देशांतील शेंकडा सुमारें ८९ प्रसूति रुग्णालयांत झालेल्या आढळल्या. पण पहिल्या तासांत पाजलेलीं मुलें शेंकडा सुमारें ४२ च होतीं. शस्त्रक्रियेनंतर आई व बाळ दूर ठेवलीं, कीं तो तास निसटतो. मनावर घेतलें तर काय साधतें, हें शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयानें दाखविलें. तेथें डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं आशियांतील पहिली दुग्धपेढी उघडली. इतर मातांनीं दिलेलें दूध निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देण्याची सोय त्यामुळें झाली.

घरीं आल्यावर वडीलधाऱ्यांचा शब्द चालतो. चिकाचें पिवळसर दूध टाकूं नये. तें बाळाचें पहिलें रोगनिवारक होय. सहा महिन्यांपर्यंत मध, गुटी, भर उन्हाळ्यांत पाणीसुद्धां नको. घाटकोपरच्या एका खोलीच्या बिऱ्हाडांत पाहुण्यांसमोर अवघडलेल्या सुनेला थोडा आडोसा करून देणें, हीहि मदतच.

पुढें नोकरीचा प्रश्न. २०१७ सालीं कायद्यानें प्रसूतीची पगारी रजा २६ आठवड्यांची केली. त्यानंतर बोरिवलीहून चर्चगेटला जाणारी आई दहा-अकरा तास घराबाहेर राहते. कचेरींत दूध काढण्यास स्वच्छ, बंद खोली व थोडा वेळ मिळाला, तर शीतपेटींत ठेवलेलें तें दूध दुसरे दिवशीं घरीं वाटीचमच्यानें पाजतां येतें.

आणि आपल्या घरीं भांडीं घासणारी बाई? तिच्या हातीं तो कायदा पोंचत नाहीं. पंधरवड्यांत कामावर परतली नाहीं तर काम जातें, या भयानें तिचें बाळ बाटलीवर येतें. तिची पगारी रजा आपणच ठरवावयाची आहे.

कांहीं मातांना आजारामुळें वा औषधांमुळें पाजतां येत नाहीं. त्यांना बोल लावूं नये. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. इतरांच्या बाबतींत मात्र "दूध कां नाहीं?" असें आईला विचारण्यापूर्वीं, तिला विश्रांति, अन्न आणि वेळ आपण दिला काय, हें घरानें आधीं स्वतःस विचारावें.